कानांतल्या इअरफोनची पारख

कानाच्या छिद्रांत बसणारे स्वस्त इअरफोन आज घरोघर दिसतात. ते विकत घेतांना सामान्य माणूस किंमत पाहतो, डबीवरील जाहिरात वाचतो, आणि दुकानांत दोन मिनिटें मोठ्या आवाजांत एकादें गाणें ऐकून निर्णय देतो. या तिन्ही कसोट्या फसव्या आहेत. खऱ्या कसोट्या कोणत्या, हें या वस्तूच्या इतिहासावरूनच कळतें. कारण प्रत्येक पिढीनें तिला एकेक नवा प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नांची बेरीज म्हणजेच आजची पारख होय.

पहिला प्रश्न वजनाचा व बसण्याचा. बेलनें १८७६ सालीं टेलिफोनचें पेटंट घेतलें, तेव्हां ऐकण्याचें यंत्र हातांत धरून कानाशीं न्यावें लागे. पुढें १८९१ सालीं एर्नेस्त मेर्कादिए या फ्रेंच इंजिनियरास दोन्ही कानांत बसणाऱ्या जोड-टेलिफोनचें अमेरिकन पेटंट मिळालें. त्याचें वजन पावणेदोन औंसांहून, म्हणजे सुमारें ५० ग्रॅमांहून, कमी होतें. टोकांवर रबराचें आच्छादन होतें. हेतु हा कीं, कानास घर्षण होऊं नये व बाहेरचा आवाज आंत शिरूं नये. आजची सिलिकॉनची टोपी ही त्याच कल्पनेची वंशज आहे. ती घट्ट बसली नाहीं तर खर्जाचे स्वर फटीवाटे निसटून जातात आणि दोष मात्र यंत्रास लागतो. म्हणून डबींतल्या लहान, मध्यम व मोठ्या टोप्या आळीपाळीनें लावून पाहिल्यावांचून कोणतेंहि मत देऊं नये.

दुसरा प्रश्न क्षीण विद्युतप्रवाहाचा. अमेरिकेंतील यूटा प्रांतीं नथॅनियल बाल्डविन यानें स्वयंपाकघरांत बनविलेले हेडफोन १९१० च्या सुमारास तेथील आरमारानें पसंत केले. अगदीं मंद संदेशहि त्यांत स्पष्ट ऐकूं येई. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणी केंद्र सुरू झालें, त्या काळांतील स्फटिकाच्या साध्या संचास हवेंतून आलेल्या लहरींवांचून दुसरी शक्ति नसे. त्यावर हेडफोन लावूनच ऐकावें लागे. तेव्हां जें यंत्र मोठ्यानें बोलेल तेंच चांगलें, हा न्याय योग्यच होता. आज क्षीणपणाची अडचण उरली नाहीं, पण जुना न्याय मात्र आपल्या मनांत घर करून राहिला आहे.

तिसरा प्रश्न शुद्धतेचा. जर्मनीच्या ऑयगेन बायर यांच्या कारखान्यानें १९३७ सालीं फिरत्या वेटोळ्याच्या तत्त्वावर हेडफोन काढला. सोनीचा वॉकमन १९७९ सालीं आला व १९८२ सालीं त्याच कंपनीनें कानांत ठेवण्याचे चिमुकले इअरफोन विक्रीस आणले. अमेरिकेंतील एटिमॉटिक या संस्थेनें १९९१ सालीं कान पूर्ण बंद करणारा ईआर-४ काढला. उघड्या कानास जसें ऐकूं येतें तसेंच बंद कानास ऐकवावें, ही त्यामागची दृष्टि होती.

हें वाटतें तितकें सोपें नाहीं. आपली कर्णनलिका सुमारें २५ मिलिमीटर लांब असते आणि तिच्या अनुनादानें सुमारें ३००० कंपनांच्या आसपासचे स्वर आपोआप उठावदार होतात. नलिकेचें तोंड बंद झालें कीं हा नैसर्गिक उठाव नष्ट होतो. तो इअरफोननें भरून काढला नाहीं तर गायकाचे शब्द पडद्याआडून आल्यासारखे वाटतात. प्रमाणाबाहेर भरला तर व्यंजनें कानास टोचतात.

चौथा प्रश्न किंमतीचा, आणि त्याचें उत्तर मोजमापानें दिलें. जेरोएन ब्रेबार्ट यांनीं २८३ हेडफोनांचीं मापें तपासून २०१७ सालीं दाखविलें कीं, निरनिराळ्या कंपनसंख्यांस हेडफोन जो प्रतिसाद देतो त्याचा किंमतीशीं संबंध आढळत नाहीं. बेताच्या मिळकतीच्या संसाराला याहून दिलासा देणारी गोष्ट कोणती? मात्र यावरून प्रत्येक स्वस्त वस्तु चांगली असें ठरत नाहीं. पारख करण्याची जबाबदारी आपणांवर येते, एवढेंच.

ती घरच्या घरीं करतां येते. ओळखीचें गाणें घ्यावें. दोन इअरफोन ताडून पाहतांना आवाजाची पातळी सारखी ठेवावी; कारण मंद आवाजांत कानास खर्ज कमी जाणवतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच प्रयोगानें दाखविलें आहे. मोठा आवाज म्हणूनच उगाच भरदार भासतो. तंबोऱ्याच्या जोडीचा नाद शेवटपर्यंत ऐकूं येतो कीं नाहीं, तबल्याचा डग्गा घुमतांना गळ्यावर चढतो काय, हें पाहावें. बातम्या सांगणाऱ्याचा एकेरी आवाज दोन्ही कानांच्या बरोबर मध्यावर यावा. तो एका बाजूस सरकला तर दोन्ही अंगें जुळत नाहींत असें समजावें.

बांधणी पाहतांना प्लगाजवळ, जोडावर व वायर दुभंगते तेथें लवचिक आधार आहे काय, हें प्रथम पाहावें. वायर बहुधा तेथेंच तुटते. ती काढघाल करतां येण्याजोगी असल्यास तुटतांच सारी वस्तु फेकावी लागत नाहीं. नळीच्या तोंडाशीं मळ अडविणारी जाळी असावी.

शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रौढांसाठीं ८० डेसिबल आवाजाची मर्यादा आठवड्यास ४० तासांची सांगितली. आवाज याहून चढविला तर ही मुदत झपाट्यानें घटते. जो इअरफोन कानांत नीट बसून बाहेरचा गलबला अडवितो, तो मंद आवाजांतहि गाणें पोहोंचवितो. तुटलेली वायर बदलतां येते. मोठ्या आवाजानें कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं त्या पुन्हां उगवत नाहींत. म्हणून मुलांच्या हातीं इअरफोन देण्यापूर्वीं त्याची किंमत न विचारतां, तो हळू आवाजांत किती स्पष्ट बोलतो, एवढें आपण स्वतः ऐकून पाहावें.