धुराचे स्थलांतर

ऊर्जासंक्रमणाच्या चर्चेत 'कोळशाचा जबाबदार वापर' हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. जबाबदार म्हणजे जबाब देण्यास बांधलेला. पण तो कुणाला द्यायचा, याविषयी हा शब्दप्रयोग मौन पाळतो. इंग्लंडचा इतिहास हे मौन मनात धरून वाचावा, असे आम्हांस वाटते.

१६६१ साली जॉन इव्हलिनने 'फ्युमिफुगियम' ही पुस्तिका राजा दुसरा चार्ल्स याला सादर केली. लंडनच्या धुरावर त्याचा उपाय असा, की रंगारी, चुना भाजणारे, साबण करणारे यांच्या भट्ट्या शहराबाहेर न्याव्यात आणि शहराभोवती सुगंधी झुडपे लावावीत. गद्य देखणे आहे. भट्ट्या जेथे जातील तेथे धूर निघणारच होता, हा भाग वेगळा.

काटकसरीने प्रश्न सुटेल हा भ्रम विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ साली 'द कोल क्वेश्चन'मध्ये फोडला. वॉटच्या इंजिनाला न्यूकोमेनच्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी कोळसा लागे. म्हणूनच वाफ स्वस्त झाली, इंजिने वाढली आणि देशाचा एकूण खपही वाढला. गंमत अशी, की जेव्हन्सला धास्ती होती ती कोळसा संपण्याची, धुराची नव्हे. हा ग्रंथ साहित्याच्या वर्गातही वाचला जावा. ऐन समृद्धीत तिचा अंत पाहणारी अशी दृष्टी एरवी शोकांतिकेतच भेटते.

डिसेंबर १९५२च्या धुरक्यात लंडनमध्ये हजारो माणसे दगावली. १९५६च्या कायद्याने घरोघरच्या शेगड्यांचा धूर आवरला. वीजकेंद्रांची धुराडी मात्र उंच होत गेली आणि त्यांतला गंधक आम्लपर्जन्य होऊन नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरला.

२०१२ सालीही ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाचीच होती. पुढे कार्बनवर किंमत बसली, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे अखेरचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टचे केंद्र १८८२ साली सुरू झाले होते; मधला काळ १४२ वर्षांचा.

२०२१च्या ग्लासगो परिषदेत भारताच्या आग्रहावरून कोळसा 'संपवणे' जाऊन 'कमी करणे' आले, तेव्हा ब्रिटिश अध्यक्षांचा कंठ दाटला. भारताचा युक्तिवाद आम्हांस निराधार वाटत नाही. पण तो करणारे दिल्लीचे असतात, आणि राज्यभर दिवे लावणाऱ्या विजेची राख चंद्रपूरकरांच्या अंगणात पडते.