तिरंदाजी, स्पर्धात्मक : नियम व गुणगणना

ठरावीक अंतरावरच्या वर्तुळांकित लक्ष्यावर ठरावीक वेळात मोजके बाण सोडून गुणांवर निकाल लावण्याचा खेळ. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम करणारी संघटना १९३१ मध्ये तेव्हाच्या पोलंडमधील ल्वूफ शहरात ‘फिटा’ या नावाने स्थापन झाली. २०११ पासून ती ‘वर्ल्ड आर्चरी’ म्हणून ओळखली जाते. ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी १९००, १९०४, १९०८ व १९२० साली होती. त्यानंतर ती थेट १९७२ साली म्युनिकमध्ये परतली. सुरुवातीच्या स्पर्धांत यजमान देशाच्या चालीप्रमाणे अंतरे आणि लक्ष्ये बदलत असल्याने एका देशाचा गुण दुसऱ्या देशाच्या गुणाशी ताडून पाहता येत नव्हता. या खेळात नियमांना इतर खेळांहून जास्त वजन आले, त्याचे मूळ इथे आहे.

रिकर्व्ह धनुष्याचे ऑलिंपिक अंतर ७० मीटर असून लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर असतो. सोनेरी, लाल, निळा, काळा व पांढरा असे पाच रंग आतून बाहेर येतात आणि प्रत्येक रंगाची दोन वर्तुळे धरून १० ते १ असे गुण मिळतात. दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण एखाद्या वाटीच्या तोंडाएवढे असते. बाण दोन वर्तुळांमधल्या रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो. साहजिकच जाड बाणाला रेषा गाठणे सोपे जाते, म्हणून बाणाच्या दांड्याची जाडी ९.३ मिलिमीटरपुरती मर्यादित आहे. मैदानात मात्र वाऱ्यामुळे तिरंदाज आपणहून सडपातळ बाण पसंत करतात. आधीच रुतलेल्या बाणाच्या मागच्या खाचेत दुसरा बाण घुसून तिथेच राहिला, तर त्याला पहिल्याचाच गुण मिळतो. प्रत्येक फेरीनंतर लक्ष्यावरच्या छिद्रांवर खुणा करतात. पुढे एखादा बाण आपटून मागे उसळलाच तर खूण नसलेले छिद्र त्याचे, असे ठरवता येते. वेळ संपल्यावर सुटलेल्या बाणाबद्दल त्या फेरीतला सर्वांत जास्त गुणांचा बाण वजा होतो. ही शिक्षा कठोर वाटते. परंतु लक्ष्यात रुतलेल्या बाणांपैकी उशिरा आलेला कोणता हे मागाहून सांगता येत नाही, म्हणून वादाला जागा न ठेवणारी शिक्षा निवडली आहे. नियमपुस्तिकेचा कल या सर्व तरतुदींत सारखाच दिसतो : सूक्ष्म न्यायापेक्षा निर्विवाद निकाल महत्त्वाचा. गुणगणनेच्या पद्धतीत झालेले बदलही याच कलाचा विस्तार आहेत, असे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे.

१९७२ ते १९८४ या काळात ऑलिंपिक विजेता केवळ बेरजेने ठरे. पुरुषांसाठी ९०, ७०, ५० व ३० मीटर, स्त्रियांसाठी ७०, ६०, ५० व ३० मीटर. प्रत्येक अंतरावर ३६ बाण आणि ही संपूर्ण फेरी दोनदा, म्हणजे २८८ बाण. मापन म्हणून ही पद्धत जवळपास निर्दोष होती, पण कोण पुढे आहे हे प्रेक्षकाला कागद पाहिल्यावाचून कळत नसे. १९९२ साली बार्सिलोनात समोरासमोरच्या बाद लढती आल्या आणि २०१२ साली लंडनमध्ये वैयक्तिक लढतींत सेटपद्धत आली. सांघिक लढतींना ती २०१६ साली रिओत लागू झाली. वैयक्तिक लढतीत सेट तीन बाणांचा असतो. सेट जिंकणाऱ्याला २ आणि बरोबरी झाल्यास दोघांना १–१ गुण मिळतो. आधी ६ गुण करणारा विजयी. दोघे आळीपाळीने बाण सोडतात आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. पाच सेटनंतर ५–५ झाले तर एकेक बाण, आणि त्याचेही गुण सारखे आले तर केंद्राच्या जवळचा बाण जिंकतो.

या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप गणिताचा आहे. समजा, एकाचे सेट २४, २८, २८, २८ आणि दुसऱ्याचे ३०, २७, २७, २७ असे झाले. बेरीज १०८ विरुद्ध १११, तरीही पहिला ६–२ असा जिंकतो. अधिक गुण करणारा हरतो तो खेळ कसला, असे विचारले जाते. पण उदाहरण उलट बाजूनेही वाचावे लागते. पहिला तिरंदाज एकदाच घसरला आणि त्यानंतर तीनदा सरस ठरला. बेरजेत एक फसलेला बाण सबंध लढत बुडवतो. सेटपद्धतीत त्याची किंमत एका सेटपुरती राहते. दुसरा आक्षेप नशिबाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. रिओत किम वू-जिन या कोरियन तिरंदाजाने मानांकन फेरीत ७२० पैकी ७०० गुणांचा विश्वविक्रम केला आणि दुसऱ्याच लढतीत तो इंडोनेशियाच्या रियाउ एगा अगाताकडून २–६ असा हरला. जास्तीत जास्त सोळा बाणांच्या लढतीत ७२ बाणांची विश्वासार्हता येणार नाही, हे मान्यच करावे लागते. आळीपाळीने बाण सोडताना दोघांना एकच वारा मिळेल याचीही हमी नसते. मात्र मापन रद्द झालेले नाही. ते मानांकन फेरीत शिल्लक आहे, आणि पहिला विरुद्ध चौसष्टावा अशा जोड्या त्याच फेरीच्या क्रमवारीने पडतात. शिवाय पद्धत बदलली म्हणून वर्चस्व विस्कटले, असे निकाल सांगत नाहीत. दक्षिण कोरियाच्या महिला संघाने १९८८ च्या सोलपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत सलग दहा सुवर्णपदके मिळवली. दरम्यान नियम किमान दोनदा मुळापासून बदलले. पॅरिसमध्ये वैयक्तिक सुवर्णही किमनेच घेतले. अंतिम लढतीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनशी ५–५ अशी बरोबरी झाली, शेवटच्या बाणावर दोघांनी दहा गुण मिळवले आणि किमचा बाण केंद्राला ४.९ मिलिमीटरने अधिक जवळ निघाला. रेषेला टेकलेल्या बाणाला उदारपणे वरचा गुण देणारी नियमावली निकालासाठी मिलिमीटरचा दशांश मोजते, यात विसंगती नाही; दोन्ही ठिकाणी लढत संपवणे हाच हेतू आहे.

कंपाउंड धनुष्याला सेटपद्धत लावलेली नाही. ५० मीटरवर ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर १५ बाण सोडायचे आणि १५० पैकी बेरीज करायची. या धनुष्याला कप्प्या असतात, बाण सोडण्यासाठी रिलीज व नेम धरण्यासाठी भिंग चालते, त्यामुळे दहाचा गुण ही जवळजवळ अपेक्षाच असते. तीन-तीन बाणांचे सेट केले तर बरोबरीच फार होईल. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढत १५०–१४९ अशी जिंकली. साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी महिलांचे विजेतेपद १४९–१४७ असे मिळवले. अशा लढतीत एकच नऊ निर्णायक ठरू शकतो आणि बेरीज तो लपवत नाही.

साधने : रिकर्व्हमध्ये रिलीज, भिंग व पाणसळ वर्ज्य. कंपाउंड धनुष्याची ओढ ६० पौंडांपर्यंत.

संकेत : दोन आवाज झाले की शूटिंग लाइनवर यावे, एक झाला की बाण सोडावेत, तीन झाले की थांबावे.

भारतीय प्रकार : बांबूचे धनुष्य, नेमयंत्राविना, फक्त देशांतर्गत स्पर्धांत, ७० मीटरहून कमी अंतरावर.

मिश्र दुहेरी : २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून, रिकर्व्हमध्ये, सेट चार बाणांचा. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी कंपाउंडची मिश्र दुहेरीही मंजूर झाली असून, तेथवर नियम आहेत तसेच राहिले तर एकाच ऑलिंपिकमध्ये सेट आणि बेरीज या दोन्ही रीतींनी पदके दिली जातील.