झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी एक म्हण आपल्या भाषेंत आहे. घरांतलें उणें बाहेर जाऊं न देणें, आणि जें चारचौघांत बोलण्यासारखें नाहीं तें मनांतल्या मनांत जिरविणें, हें आपल्या मध्यमवर्गीय संसाराचें फार जुनें शहाणपण या म्हणींत सांठविलेलें आहे. तें सर्वस्वीं टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एकाच माणसाच्या बाबतींत या शहाणपणाचा उपयोग दोन पिढ्यांनीं दोन उलट दिशांनीं केलेला आम्हीं ऐकला, आणि तेव्हांपासून ही म्हण आमच्या मनांत सलत राहिली आहे.

तो माणूस म्हणजे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. ते नागपूरचे. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठांत त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकविली. तेथील आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते, आणि कवीहि होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा काव्यसंग्रह. निवृत्तीस कांहीं महिने उरले असतां, ता. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं कांहीं माणसें कॅमेरा घेऊन त्यांच्या घरांत घुसलीं, आणि एका पुरुषासमवेत ते एकांतांत असतांना त्यांचें चित्रीकरण करण्यांत आलें. दुसऱ्याच दिवशीं विद्यापीठानें गैरवर्तनाचा ठपका ठेवून निलंबित केलें तें सिरसांसच. ते अलाहाबादच्या उच्च न्यायालयांत गेले. ता. १ एप्रिल रोजीं न्यायालयानें निलंबनास स्थगिती दिली. ता. ७ एप्रिल रोजीं भाड्यानें घेतलेल्या घरांत त्यांचें शव आढळलें.

ही बातमी सोलापुरास पोंचली त्या दिवशीं आमच्या प्राध्यापक-कक्षांत तिची चर्चा झाली. एक वडीलधारे सहकारी, मनानें अत्यंत सज्जन, चहाची बशी खालीं ठेवीत म्हणाले, “या वयात मूठ झाकून ठेवायला काय झालं होतं?” कोणी हसलें नाहीं, कोणीं विरोधहि केला नाहीं. आम्हीहि गप्प बसलों.

पंधरा वर्षांनीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. येथून पदवी घेऊन, सोलापुरची बहुतेक मुलें जातात तसा, तोहि हुतात्मा एक्सप्रेसनें पुण्यास नोकरीसाठीं गेला होता. आपण समलिंगी आहोंत व पुण्यांत एका मित्रासमवेत घर करून राहतों, हें त्यानें आईबापांस सांगितलें होतें, आणि चार महिने घरांत कोणी त्याच्याशीं धड बोलत नव्हतें. बोलण्याच्या ओघांत सिरसांचें नांव निघालें. त्यांच्या जीवनावरचा ‘अलीगढ’ हा चित्रपट त्यानें पाहिला होता. तो म्हणाला, “सर, पण त्यांनी जन्मभर लपवून का ठेवलं? त्या पिढीने थोडं धैर्य दाखवलं असतं, तर आम्हाला आज एवढं सोसावं लागलं नसतं.”

एकाच माणसावर हे दोन आरोप. थोरल्या पिढीचा आरोप, मूठ उघडली कां? धाकट्या पिढीचा आरोप, मूठ झाकली कां? दोन्ही एकाच वेळीं खरे असूं शकत नाहींत. आमच्या मतें दोन्ही खोटे आहेत. आणि ते कां खोटे, हें समजून घ्यावयाचें तर गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रांतील चार पिढ्यांच्या हातांत काय होतें व काय नव्हतें, याचा हिशेब मांडला पाहिजे.

हिशेबाचा आरंभ कायद्यापासून करणें भाग आहे. १८६० सालच्या भारतीय दंडविधानाचें कलम ३७७ निसर्गक्रमाविरुद्ध मानलेल्या संभोगास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होतें. समलिंगी प्रेम हें पश्चिमेकडून आलेलें खूळ आहे असें म्हणणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पश्चिमेकडून निश्चितपणें जें आलें तें हें कलम. सोलापुरासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यांत, लुगडें नेसून, डोक्यावर यल्लम्माचा जग घेऊन जोगवा मागणारे जोगते आमच्या लहानपणीं दारीं येत. त्यांचा प्रश्न व समलिंगी प्रेमाचा प्रश्न एक नव्हे. परंतु पुरुषपणाच्या व स्त्रीपणाच्या ठराविक चौकटींत न बसणारीं माणसें आमच्या आज्यांना चांगलीं ठाऊक होतीं. त्या त्यांना सुपांतून जोंधळे घालीत, त्यांच्या पायांहि पडत. उंबऱ्याच्या आंत मात्र घेत नसत. ठाऊक असणें आणि घरांत घेणें, यांतील हें अंतर पुढील साऱ्या इतिहासांत दिसतें.

पहिल्या पिढीच्या हातांत केवळ प्रश्न होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायीं त्यांची ती नोकरी सुटली. जुलै १९२७ पासून त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक सुरू केलें, आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. या मासिकांत वाचक आपल्या कामजीवनाविषयीं प्रश्न विचारीत व कर्वे त्यांस शास्त्रास धरून उत्तरें देत. १९३४ सालीं अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या उत्तरांत समलिंगी संबंधाचाहि विषय होता. कर्व्यांच्या वतीनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांच्या मनांत असे प्रश्न असतील तर त्यांस ज्ञानानें उत्तर देणें हा गुन्हा होऊं शकत नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला; कर्व्यांना दोनशें रुपये दंड झाला. त्यांचे वडील महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह करून बहिष्कार सोसला होता; मुलानें त्याच्या पुढच्या प्रश्नासाठीं दंड सोसला. तथापि प्रश्न विचारणाऱ्या वाचकांपैकीं कोणी ‘तो मी’ असें म्हणून समाजापुढें उभा राहूं शकत नव्हता. विचारतां आलें, हेंच त्या पिढीचें मिळविणें.

दुसरी पिढी स्वातंत्र्याच्या आगेंमागें जन्मलेली, म्हणजे सिरसांची. ती वयांत येईपर्यंत कर्व्यांचें मासिकहि बंद पडलें होतें. आपल्या मनाच्या स्थितीस शिवीखेरीज दुसरा शब्द या पिढीच्या कानीं क्वचितच आला. वेळ आली कीं घरचीं माणसें लग्न ठरवीत, आणि तें मोडावयाचें तर कारण काय सांगावें हें कोणासहि ठाऊक नसे. १९८१ सालीं विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक रंगभूमीवर आलें. त्यांतील नायिका एका स्त्रीवर प्रेम करते व अखेर स्वतःचा अंत करून घेते. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनीं केली. ही गोष्ट मराठी रंगभूमीनें मोकळेपणानें सांगितली, याचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. परंतु प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या तशाच मुलीस त्यांत आपल्यासाठीं शेवट एकच दिसला असेल.

या पिढीच्या मौनाची किंमत पुष्कळ वेळां तिच्याशीं लग्न लावून दिलेल्या मुलींनीं मोजली, हेंहि लपवून चालणार नाहीं. पण अशा काळांतल्या माणसानें मागून मागून काय मागावें? सभा नको, मिरवणूक नको. आपल्या घराचें दार आंतून लावून घेण्याचा हक्क तेवढा असावा. आमच्या सहकाऱ्यांनीं जो उपदेश केला तो सिरसांनीं जन्मभर पाळलाच होता. ती मूठ त्यांनीं उघडली नाहीं. परक्यांनीं घरांत शिरून ती बळजबरीनें उकलली. आणि त्या वेळीं कायदाहि त्यांच्या बाजूस होता. सातच महिन्यांपूर्वीं, ता. २ जुलै २००९ रोजीं, प्रौढ माणसांच्या परस्पर संमतीनें एकांतांत होणारा संबंध हा गुन्हा नव्हे, असा निकाल दिल्लीच्या उच्च न्यायालयानें दिला होता. न्यायालयाचा शब्द विद्यापीठाच्या दारापर्यंत पोंचला नव्हता, एवढेंच.

तो निकाल हें तिसऱ्या पिढीच्या खटपटीचें फळ. अशोक राव कवी यांनीं १९९० सालीं मुंबईंत ‘बॉम्बे दोस्त’ हें नियतकालिक काढलें, आणि १९९४ सालीं ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. पुण्यांत बिंदुमाधव खिरे यांनीं २००२ सालीं ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापिला, आणि या विषयावर मराठींत पुस्तकें लिहिलीं. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी त्यांपैकींच. पुण्याच्या रस्त्यावरून अभिमानयात्रा प्रथम निघाली ती डिसेंबर २०११ मध्यें. या पिढीनें स्वतःचें नांव उघड सांगितलें. परंतु समाजानें तिला आपल्या ओसरीवर बसूं दिलें तें बहुतांशीं एड्सच्या भीतीनें. दिल्लीच्या न्यायालयांत ‘नाझ फाउंडेशन’नें २००१ सालीं जो अर्ज केला, त्याचाहि एक मोठा आधार हाच होता कीं, कलमाच्या धाकानें माणसें लपतात, आणि लपलेल्या माणसांपर्यंत औषध व माहिती पोंचत नाहीं. ‘आमच्याविषयीं बोलतांना रोगाचीच भाषा कां?’ असें आजचे तरुण या पिढीस विचारतात. विचारणें रास्त आहे. मात्र त्या वेळीं दुसरें कोणतेंहि दार किलकिलेंसुद्धां झालेलें नव्हतें, हें ते विसरतात.

पुढची हकीकत बहुतेकांच्या स्मरणांत असेल. ता. ११ डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचा निकाल फिरविला व जें गुन्हा नव्हतें तें पुनः गुन्हा झालें. ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. त्यांतील न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रानें २०१३ च्या निकालाची विचारसरणी सदोष ठरविली. इतकेंच नव्हे तर आणीबाणींतील १९७६ सालचा तो निकालहि चुकीचा ठरविला, ज्यांत त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूस होते. पित्याचा मान राखूनहि मुलाला पित्याची चूक दुरुस्त करतां येते, याचें याहून स्पष्ट उदाहरण मराठी घराण्यांत आम्हांस आठवत नाहीं. ता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं एकमतानें प्रौढांचा संमतीचा संबंध कलम ३७७ मधून वगळला, आणि ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें कलम मुळींच आलें नाहीं. दार लावून घेण्याचा जो हक्क सिरसांस हवा होता, तो त्यांच्यामागें आठ वर्षांनीं देशाला मिळाला.

आमच्या विद्यार्थ्याची पिढी ही चौथी. तिला बंद दार पुरत नाहीं. तिला घर हवें आहे. जोडीदार आजारी पडला तर त्याच्या उशाशीं नातलग म्हणून बसतां यावें, वारसा लागावा, दिवाळीस दोघांनीं मिळून गांवीं जावें. विवाहाच्या हक्कासाठीं ती न्यायालयांत गेली, ता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं, विवाह हा मूलभूत हक्क नव्हे व त्यासंबंधीं कायदा करणें हें संसदेचें काम, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. परंतु त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट आम्हांस त्या निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. २०१७ सालीं मुंबईंत ‘स्वीकार’ या नांवानें अशा मुलांच्या पालकांची एक मंडळी जमली होती. एप्रिल २०२३ मध्यें चारशेंहून अधिक आईबापांनीं सरन्यायाधीशांस पत्र लिहून आपल्या मुलांसाठीं विवाहाचा हक्क मागितला. कर्व्यांच्या काळीं ज्याला स्वतःचा प्रश्न स्वतःच्या नांवानें विचारतां येत नव्हता, त्याच्यासाठीं आतां त्याचे आईबाप अर्ज करूं लागले.

पहिल्या पिढीनें प्रश्न मागितला, दुसरीनें एकांत, तिसरीनें नांव, चौथी घर मागत आहे. आधींच्या पिढीस जें मिळालें तेंच पुढचीला अपुरें वाटावें, यांत कृतघ्नता नाहीं. इतिहास असाच पुढें सरकतो. चूक होते ती, आपल्या हातांत आलेलें माप मागच्यांना किंवा पुढच्यांना लावूं गेल्यावर. सिरसांनीं मूठ उघडावयास हवी होती असें म्हणणारा तरुण, त्यांच्या तारुण्यांत ती उघडून धरावयास ओसरीसुद्धां नव्हती हें विसरतो. त्यांनीं ती झाकावयास हवी होती असें म्हणणारा वृद्ध, ती झाकलेलीच होती हें विसरतो. आणि आमच्यासारखा जो मधला, तो दोन्ही जाणून गप्प बसतो. त्या दिवशीं प्राध्यापक-कक्षांत आम्हांस कोणतेंहि कलम आडवें येत नव्हतें. एका मराठीच्या प्राध्यापकाविषयीं दोन न्यायाचे शब्द बोलावयास जें धैर्य लागतें तें फारसें मोठें नव्हतें. तेवढेंहि आमच्याजवळ निघालें नाहीं.

विद्यार्थी उठतांना म्हणाला, “सर, तुम्ही एकदा बाबांशी बोलाल का? तुमचं ते ऐकतील.” आम्ही गेलों. गृहस्थ आमच्याच वयाचे, बँकेंतून नुकतेच निवृत्त झालेले. “मी त्याला घराबाहेर काढलेलं नाही, सर,” ते म्हणाले. “पुण्यात तो कसाही राहो. पण गावभर कशाला? झाकली मूठ...” म्हण त्यांनीं पुरी केली नाहीं.

आम्हीं त्यांस उपदेश केला नाहीं. सिरसांची हकीकत तेवढी, तारखांसह, आरंभापासून सांगितली. त्यांनीं ती मध्यें एकहि शब्द न बोलतां ऐकली, आणि मग विचारलें, “ते गेले तेव्हा घरात कोणी होतं का?”

“कोणी नव्हतं,” आम्ही म्हणालों.

बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. आम्ही निघालों तेव्हां दारापर्यंत आले, आणि मुलाच्या पुण्यांतल्या घराचा पत्ता आपल्याजवळ नाहीं, असें म्हणून तो त्यांनीं आमच्या वहींतून उतरून घेतला.