बाळाच्या नावात आईचं नाव



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, कर्जाचं बोलणं झालं आणि मग विषय निघाला एका ताईंच्या सुनेचा. तिला आठवा महिना लागलाय. जो तो बाळासाठी नाव सुचवू लागला. तेवढ्यात ती सून हळूच म्हणाली, "बाळाचं नाव त्याची आत्या ठेवेल. पण आता बाळाच्या नावापुढे आईचंही नाव लागतं ना? मग माझं कोणतं लावायचं? आधारवर माहेरचं आहे, आणि इथे सगळे तांदळात लिहिलेल्या नावाने हाक मारतात."

सगळ्या गप्प झाल्या. कारण तिथल्या बहुतेकींची दोन-दोन नावं आहेत. माझीही आहेत. म्हणून आज या मधल्या नावाचीच गोष्ट सांगते.

आईचं नाव लावणं हे नवीन खूळ आहे, असं काहींना वाटतं. नाशिकजवळची पांडवलेणी तुमच्यापैकी कुणी पाहिली असतील. तिथल्या तिसऱ्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक मोठा लेख कोरलेला आहे. ते लेणं भिक्षूंना दान दिलं एका बाईने, सातवाहनांच्या घरातल्या गौतमी बलश्रीने. त्यात ती स्वतःला महाराजांची आई आणि महाराजांची आजी म्हणवते. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नावं नीट ऐका. राजाच्या नावाआधी आईची ओळख! गौतमी, वासिष्ठी ही नावं त्या आयांच्या माहेरच्या गोत्रांवरून आली, असं अभ्यासक मानतात. तेव्हा बायकांचं राज्य होतं असं मी म्हणत नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. पण आईचं नाव सांगण्यात राजालाही कमीपणा वाटत नव्हता.

आता अलीकडे या. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले. ही नावं आपण शाळेत पाठ केली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या वडिलांची नावंही आपोआप पाठ झाली. त्यांच्या आयांची नावं आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील?

आणि बाईचं काय झालं? १८६५ साली कल्याणला एक मुलगी जन्मली, यमुना. लग्नानंतर ती झाली आनंदी. हीच १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली आनंदीबाई जोशी. १८६२ साली जन्मलेली आणखी एक यमुना लग्नानंतर रमा झाली. त्या रमाबाई रानडे. दोघींनी केवढं काम केलं! पण दोन्ही यमुना मागेच राहिल्या. बाईचं मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. वरून तिचं स्वतःचं नावही बदलायचं.

काही मुलींच्या वाट्याला तर नाव म्हणून नकारच आला. पुन्हा मुलगीच झाली म्हणून नाव ठेवलं 'नकोशी', 'नकुसा'. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. नाव हे नुसतं हाक मारायला नसतं, घरात आपली किंमत काय हेही ते सांगतं.

आता कायद्याची गोष्ट. ११ मार्च २०२४ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर असं लिहायचं: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे पांडवलेण्यातली गोष्ट आपल्या जन्मदाखल्यावर आली.

कागदाचं काम मात्र जपून करा. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. त्यात आईचं एक नाव आणि आधारवर दुसरं असलं, तर पुढे हेलपाटे आईलाच. माझ्याच पासबुकावर आणि शाळेच्या दाखल्यावर वेगवेगळी नावं होती. ती एक करायला मला चार खेपा घालाव्या लागल्या आणि तेवढे दिवस मजुरी बुडाली.

म्हणून त्या सुनेला आम्ही सांगितलं, दवाखान्यात भरती होतानाच आधारवरचं नाव सांग. घरात कुणी कोणत्याही नावाने हाक मारू दे. त्यावर तिची सासू काय म्हणाली ठाऊक आहे? "तेच नाव लाव बाई. तुझ्या आईबापाने हौसेने ठेवलेलं आहे. माझं मूळ नाव तर आता मला हाक मारायलाही कुणी उरलं नाही."

मग आम्ही त्यांना त्यांचं मूळ नाव विचारलं. बावीस वर्षं एका गटात आहोत, पण कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, आणि त्या दिवशीच्या हजेरीत आम्ही तेही लिहिलं.

तुमच्या गटातही एकदा विचारून बघा.