राजपुत्राची पुनर्घडण

जबलपूरच्या रिछाई भागात लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत आहे. जुन्या यंत्राचा एखादा भाग मोडला आणि त्याचा नकाशा उपलब्ध नसला, म्हणजे कारागीर तो मोडका तुकडाच समोर ठेवून मापे घेतो व नवा घडवितो. मापे तंतोतंत जुळतात. पण धातू निराळा असेल, तर यंत्र पूर्वीसारखे चालेलच असे नाही. हा व्यवहार पाहिला, की मला एका राजपुत्राची आठवण होते.

अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ साली ॲपल टू संगणकासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ रचला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून त्याने धावावयास व उड्या मारावयास लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राची चाल सिद्ध केली. संगणकाची स्मृती इतकी तोकडी, की नव्या शत्रूचे चित्र ठेवण्यास जागा उरली नाही. तेव्हा राजपुत्राच्याच चित्रावर गणिती संस्कार करून त्याने आरशातून बाहेर पडणारी त्याची छाया निर्माण केली. दारिद्र्याने कल्पनेला दिलेले हे दान! या खेळाची मूळ आज्ञावली हरवली असे समजले जात होते; पुढे २०१२ साली मेकनरच्या वडिलांना तिच्या तबकड्या एका जुन्या खोक्यात सापडल्या.

याच राजपुत्राला युबिसॉफ्टच्या माँट्रियल शाखेने २००३ साली ‘द सँड्स ऑफ टाइम’मध्ये नवा देह दिला. या कथेचा आरंभ भारतात होतो. पर्शियाचे सैन्य एका महाराजाचा राजवाडा लुटते. राजपुत्राच्या हाती काळ मागे फिरविणारा खंजीर येतो आणि महाराजाची कन्या फराह बंदिवान होते. राजपुत्र दरीत कोसळला तरी खंजिरातील वाळू शिल्लक असेतो घडलेले न घडलेले करता येते. प्लेस्टेशन टूवर हा खेळ खेळलेले लोक आज चाळिशीत आहेत.

सप्टेंबर २०२० मध्ये या खेळाच्या पुनर्रचनेची घोषणा झाली आणि काम सोपविले होते युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे. भारतातून लुटून नेलेला तो खंजीर जणू भारतीय हातांत परत आला. जुना खेळ ‘जेड’ नावाच्या इंजिनावर चालत असे. इंजिन म्हणजे खेळातील उडी, पतन, प्रकाश, सावली यांचे नियम सांभाळणारी यंत्रणा. नवे इंजिन ‘अ‍ॅन्व्हिल’, म्हणजे ऐरण. गंमत अशी, की ही ऐरण ज्या ‘अ‍ॅसासिन्स क्रीड’साठी (२००७) प्रथम घडली, तो खेळ मुळात याच राजपुत्राचा पुढचा भाग म्हणून आरंभिला गेला होता. नातवाच्या ऐरणीवर आजोबा घडवावयाचे, असा हा प्रकार!

येथेच रिछाईचा प्रश्न उभा राहतो. जुन्या खेळात उडीची लांबी, भिंतीवरून धावण्याचा वेग आणि दोन खांबांतील अंतर ही एकमेकांसाठीच बेतलेली होती. नव्या इंजिनात राजपुत्राचे वजन किंचित वाढले, पाऊल क्षणभर उशिरा उचलले, तर साराच राजवाडा त्याला परका होतो. जुन्या खेळातील सोनेरी धूसर प्रकाश चेहऱ्यांचे उणेपण झाकीत असे. स्वच्छ प्रकाशात ते उघडे पडते.

पहिली चित्रफीत पाहून पुष्कळांनी टीका केली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. तथापि मी मूळ खेळ पुन्हा लावून पाहिला, तेव्हा माझ्या स्मृतीतील राजवाडा पडद्यावरच्या राजवाड्याहून कितीतरी देखणा निघाला. पुण्यामुंबईच्या कारागिरांची स्पर्धा होती ती या स्मृतीशी, आणि तिचे माप कोणी कसे घ्यावे?

प्रकाशनाचा मुहूर्त जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेला, मग अनिश्चित झाला. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे परत गेले. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ते रद्दच केले. मेकनरची १९८९ ची आज्ञावली आज कोणालाही वाचावयास मोकळी आहे. पुण्यामुंबईत उभारलेल्या राजवाड्याची मात्र काही मिनिटांची चित्रफीत तेवढी जगापुढे आली.