चितेच्या जागेवरचं चैत्य

दादरच्या चौपाटीवरची चैत्यभूमी पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास निघतं, 'एवढीशीच?' चौकोनी बांधकाम, वर लहानसा घुमट, आत मूर्ती, पाठीला समुद्र. सांचीच्या धर्तीवरचं तोरण नसतं, तर गल्लीतून येणारा नवखा माणूस सरळ वाळूत उतरला असता.

पण या जागेचं नाव इमारतीहून फार जुनं. संस्कृतात 'चि' म्हणजे रचणं, ढीग घालणं. त्यातूनच 'चिता', आणि तिच्याच गोतातलं 'चैत्य', पालीत 'चेतिय'. बुद्धाच्या अस्थींचे आठ वाटे झाले, त्यांवर स्तूप उभे राहिले. विझल्या निखाऱ्यांवरसुद्धा एक झाला, असं महापरिनिब्बान सुत्त सांगतं. स्तूप चव्हाट्यावर असावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला फूल वाहता यावं, हेही त्यातच आहे. स्मारकाचा याहून नेमका आराखडा मला माहीत नाही.

आपल्याकडे भाज्याला 14 स्तूप दाटीवाटीने उभे आहेत. काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली. कान्हेरीच्या निर्वाणवीथीत विटांचे स्तूप होते. पुढे मात्र 'चैत्यगृह' म्हटलं की डोळ्यांसमोर कार्ल्याचे खांब आणि लाकडी कमानी येऊ लागल्या. सहलीच्या वहीत शब्द राहिला, त्यातली चिता विसरली गेली.

ती पुन्हा आठवली दादरला. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथे, स्मशानाला लागून, अंत्यसंस्कार झाले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी विधी केले, आणि जमलेल्यांतल्या हजारोंनी तिथेच धम्मदीक्षा घेतली. स्मारकासाठी त्यांचे चिरंजीव भैयासाहेब आंबेडकरांनी पदरमोड केली, लोकांपुढे झोळी पसरली. 5 डिसेंबर 1971 रोजी बाबासाहेबांच्या सूनबाई मीराताई आंबेडकरांच्या हस्ते उद्घाटन झालं, तोवर पंधरा वर्षं उलटली होती. शेजारी स्मशान आजही चालू आहे.

जागा लहान, म्हणून आत थांबायला कुणाला फुरसत नाही. रांग पुढे सरकत राहते. त्यामुळे खरं स्मारक रांगेतच घडतं असं मला वाटतं. 6 डिसेंबरला ती शिवाजी पार्कापर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. पांढरी लुगडी, निळे झेंडे, कडेवर पेंगुळलेलं पोर, काल रात्रीच्या गाडीत दामटलेली भाकरी. कुणी 'दर्शन' म्हणत नाही, शब्द 'अभिवादन'. पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि अभिवादन करून आलेली माणसं तिथे उभ्याउभ्या पानं चाळतात.

मागच्या बाजूला, वाळूत, एक आजी मेणबत्ती लावत होत्या. वारा दोनदा विझवून गेला. तिसऱ्यांदा त्यांनी वाळूत खळगा केला, मेणबत्ती आत रोवली, भोवती ओल्या वाळूचा बांध घातला, आणि पदर आडवा धरून काडी ओढली.