ढेकणांमुळे भाड्याचे घर सोडताय? आधी हे तपासा

रात्रभर खाज, सकाळी अंगावर लाल गांधी आणि करार संपायला अजून सहा महिने. घर सोडावेसे वाटणे साहजिक आहे. पण खाज ढेकणांचीच आहे ना, याची आधी खात्री करा.

ढेकूण बहुधा झोपेत उघड्या राहणाऱ्या भागावर चावतात: हात, मान, चेहरा, पाय. गांधी अनेकदा एका ओळीत उठतात. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकालाच त्या उठतात, असेही होते. खरूज वेगळी. तिची खाज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती असते आणि रात्री वाढते. ती माणसाकडून माणसाला होते, त्यामुळे घर बदलून काहीच साधत नाही. घरातल्या सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, डॉक्टरांनी दिलेले औषध एकाच वेळी घ्यावे लागते.

गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे टॉर्च लावून बघा. काळे ठिपके, कात किंवा सफरचंदाच्या बीएवढा तपकिरी किडा दिसला तर फोटो काढा, किडा चिकटपट्टीवर धरून ठेवा.

ढेकणांमुळे माणसांत रोग पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्रास होतो तो खाजेचा, झोपमोडीचा आणि खाजवून झालेल्या जखमांचा. पू किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. (घरात दम्याचा रुग्ण असेल तर झुरळांची काळजी अधिक करा, त्यांच्यामुळे दमा बळावतो.)

आता करार. लिव्ह अँड लायसन्स करारातील लॉक-इनचे कलम आणि नोटिशीची मुदत वाचा. घरमालकांना फोटोंसह लेखी कळवा; नुसता फोन पुढे डिपॉझिटच्या वादात उपयोगी पडत नाही. पेस्ट कंट्रोल एकदा करून भागत नाही. अंडी वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा करावे लागते.

अनेक जण यासाठी डॉक्टरांकडे प्रमाणपत्र मागतात. त्वचेवर काय दिसले, एवढेच आम्ही लिहू शकतो. घरात ढेकूण आहेत किंवा ते तुमच्या आधीपासून होते, हे नाही. त्यासाठी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून लेखी अहवाल घ्या.

शेवटी घर सोडलेच, तर ढेकूण सामानातून सोबत येतात. कपडे, चादरी 60 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुऊन बंद पिशव्यांत भरा. गादी नुसती उन्हात टाकणे पुरेसे नाही. आतले ढेकूण जगतात.